ब्लँकेटवाले आणि कुलूपवाले

रात्री साडेअकराच्या सुमाराला पी. डिमेलो रोडच्या फुटपाथला पहिली गाडी लागते. मागचं दार उघडतं, पातेलं खाली येतं आणि झोपलेली माणसं कुणी न बोलवता उठून रांगेत उभी राहतात. गुरुवारी साईबाबावाले. शनिवारी मारुतीवाले, ते बुंदी देतात. रविवारी गिटार घेतलेली चर्चची पोरंपोरी, त्यांच्याकडं पाव आणि अंडी. सरदारजींच्या डाळीला वार नाही, ती कधीही येते. रमजानमध्ये मशिदीची पोरं पहाटे तीनला सेहरी वाटत येतात आणि ज्याचा रोजा नाही त्यालाही हलवून उठवतात. चातुर्मासात एक शेठ कांदालसणाशिवायची भाजीपुरी घेऊन येतो. कुठल्या देवाचा कुठला वार हे आम्हाला भटापेक्षा चांगलं माहीत असतं. आमचं पंचांग पोटावर छापलेलं आहे.

ज्याच्या नावाचा हा रस्ता तो प्लॅसिड डिमेलो गोदी कामगारांचा पुढारी होता. १९५८ साली ऐन उमेदीत गेला. त्याच्या नावाच्या पाटीखाली आजही गोदीत आणि गोदीच्या आजूबाजूला राबणारी माणसं झोपतात. मी त्यातला एक होतो. आता शिवडीला आठ जणांत एक खोली आहे, पण पाय अजून रात्री तिकडं जातात, कारण माझी माणसं तिकडं आहेत.

मी आधीच सांगून टाकतो. मी हे अन्न खाल्लंय. पुष्कळ खाल्लंय. साईबाबाची खिचडी खाल्ली, मारुतीची बुंदी खाल्ली, येशूचा पाव खाल्ला, आणि प्रत्येकाला हात जोडले. ज्यानं हे खाल्लं नाही त्यानं याच्याविरुद्ध लिहू नये. आपल्या चळवळीत असे पुष्कळ आहेत. दोन वेळचं घरी जेवून, चहाची तिसरी कटिंग मागवून ते सांगतात की दान म्हणजे क्रांतीवर टाकलेलं पाणी. भूक वाढू द्या, मग बघा लोक कसे उठतात. मित्रा, मी भूक वाढलेली बघितलीय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच उन्हाळ्यात लोह्याहून एस्टीनं नांदेडला आणि नांदेडहून देवगिरीच्या जनरल डब्यात मुंबईला जी माणसं आली, ती कुणी पाहिली नाहीत. दहावीचा निकाल लागायच्या आधी मी त्या डब्यात होतो. भूक वाढली की माणूस उठत नाही, आडवा होतो. संडासाच्या दाराशी आडवा होतो आणि त्याच्या अंगावरून लोक जातात.

तेव्हा खिचडीवाल्यांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. मी हिशेब मांडायला बसलोय. कोण काय देतं, त्याच्या बदल्यात काय घेतं, आणि कोण काहीच देत नाही. त्या शेवटच्या यादीत कुणाची नावं आहेत ते पुढं येईल, आणि काही जणांना ते झोंबेल.

आधी फुटपाथवर झोपतं कोण ते बघा. शहराला वाटतं भिकारी झोपतात. माझ्या डावीकडं झोपणारा गोणी उतरवायचा, मीही तेच करतो. पलीकडची बाई ससून डॉकला कोळंबी सोलायची, तिच्या बोटांना कातडी राहिलेली नव्हती. एक जण लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालायचा. दुसऱ्याच्या लग्नातला उजेड डोक्यावर वाहून रात्री दोन वाजता अंधारात येऊन झोपायचा. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर. निम्मा फुटपाथ आमच्याकडचा. कुणाची जमीन नाही, कुणाची आहे ती दीड एकर, खडकाळ. कुणाच्या बापानं गाव सोडलं ते १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत. त्या साली आमच्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना ठार मारलं; त्यानंतर ज्यांची घरं जळाली त्यातले काही परत गेलेच नाहीत. फुटपाथवर कुणी जात विचारत नाही, पण दहा मिनिटं बोललं की कळते. गावकुसाबाहेरचा माणूस शहरात येऊन परत भिंतीच्या बाहेरच झोपतो, फक्त भिंत पोर्टाची असते.

म्हणजे झोपतो तो कामगार आहे. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला, हजेरीची हमी आली. १९६९ साली माथाडी कायदा झाला. दोन्ही चांगले कायदे. पण १९८९ ला न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं गेले, आणि इकडं माझ्या वाट्याला ठेकेदार आला. त्याच्याकडं माझं नाव एका वहीत आहे, आडनाव नाही. माझ्याकडं कार्ड नाही, पीएफ नाही. मुकादम सांगेल तेवढ्या गोणी, देईल तेवढे पैसे. त्या पैशात या शहरात पोट भरतं. खोली घ्यायची म्हटली तर डिपॉझिट कुठनं आणणार? हा सरळ मजुरीचा प्रश्न आहे. रात्री गाडी येते आणि याच मजुरीच्या प्रश्नावर पुण्याचं लेबल लावून जाते. दिवसा आम्ही ज्या मालाच्या गोणी वाहतो त्यातल्याच एखाद्या मालाचा मालक रात्री आम्हाला खिचडी वाढत नसेल कशावरून? मला तर अधूनमधून चेहरे ओळखीचे वाटतात.

आता बदल्यात काय घेतात ते. सगळे सारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे.

२०१९ च्या पावसाळ्यात मला लेप्टो झाला. गुडघाभर पाण्यात काम केलं होतं, पायाला जखम होती. तिसऱ्या रात्री मी बरळत होतो म्हणे. चर्चच्या पोरांबरोबर एक म्हातारी आंटी यायची. तिनं टॅक्सी थांबवली, पहिले दोन टॅक्सीवाले मला बघून पळाले, तिसऱ्याला तिनं शिव्या घालून थांबवला. सरकारी दवाखान्यात ती सकाळपर्यंत बाकड्यावर बसून होती. मधे तिनं माझ्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं. मी शुद्धीत असतो तर म्हणालो असतो, आंटी, मी बौद्ध आहे. पण शुद्धीत असतो तर तिची गरजच काय होती? बरा झाल्यावर तिनं मला एक छोटं पुस्तक दिलं. मी वाचलं आणि परत केलं. ती हसली, म्हणाली, वाचलास ना, बस. पुढच्या रविवारी माझा पाव चुकला नाही. या बाईविरुद्ध मला एक शब्द लिहिता येणार नाही. कुणी लिहिला तर मी त्याच्याशी भांडेन.

पण दुसरे आहेत. जे रांगेत उभं करून आधी जयजयकार म्हणायला लावतात. आवाज बारीक आला तर पुन्हा म्हणायला लावतात, खिचडीवरची वाफ जाईपर्यंत. अहमद नावाचं पोरगं रांगेत असलं की नाव विचारतात, मग पुढचा विचारत नाही, फक्त पळी छोटी होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोरानं पुढच्या वेळी स्वतःचं नाव अमर सांगितलं. नावाच्या बदल्यात एक पळी खिचडी. आमच्या लोकांना हा सौदा नवीन नाही. आडनाव लपवून खोली मिळवायची, आडनाव लपवून मेसमध्ये जेवायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. पण रस्त्यावर तरी माणसाला त्याचं नाव राहू द्या की!

आणि तिसरे, ज्यांना नाव नको, चेहरा पाहिजे.

माझा मामा. त्याचं नाव मी लिहिणार नाही, तोच मला बजावून गेलाय. लोहा तालुक्यातलं गाव, माळेगावपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मामानं गावात सांगितलं होतं की तो मुंबईत कंपनीत वॉचमन आहे. खोटं म्हणाल तर अर्धं. एका गोडाऊनवर तो रात्रपाळीला बदली म्हणून जायचा, बाकी दिवस हमाली. आठ वर्षं दर महिन्याला त्यानं घरी तीन हजार पाठवले. एकही महिना चुकला नाही, करोनाचे तीन महिने सोडून. पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. कंधार तालुक्यात तिची सोयरीक जमली.

थंडीच्या दिवसांत एक मंडळ ब्लँकेट वाटायला आलं. कुठलं मंडळ, कुठला देव, ते सोडा. बॅनर धरला, मामाच्या हातात ब्लँकेट दिलं, दोघांनी दोन बाजूंनी त्याला हात लावला आणि फोटो काढला. मामा झोपेत होता, डोळे अर्धवट, दाढी वाढलेली. फोटो मोबाईलवर फिरला. फिरत फिरत दहा-बारा दिवसांत तो आमच्या गावच्या ग्रुपवर गेला. पोरगी म्हणे तो बघून दोन दिवस घराबाहेर आली नाही. सोयऱ्यांनी निरोप पाठवला, पोरीचा बाप भीक मागतो हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं.

भीक! आठ वर्षं तीन-तीन हजार पाठवणारा भिकारी!

लग्न मोडलं. मामा मला म्हणाला, "लेका, मी त्यायला ब्लँकेट मागितलं नव्हतं. झोपलो होतो मी." एवढंच. मग त्यानं ते ब्लँकेट घडी घालून रस्त्याच्या पलीकडच्या म्हाताऱ्याला दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून जागा बदलली. ब्लँकेटची किंमत बाजारात दीडशे रुपये असेल. मामानं त्याचे किती दिले याचा हिशेब त्या मंडळाच्या अहवालात येणार नाही. तिथं फक्त लिहिलेलं असेल, इतकी ब्लँकेटं वाटली.

माझं लहानपणचं एक आठवतं ते इथं सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझी बाजू अपुरी राहील. बापानं मला एकदा नांदेडला गुरुद्वाऱ्यात नेलं होतं. हुजूर साहिब. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडात गेले, त्यांच्या जागेवर तो गुरुद्वारा आहे, आणि तिथला लंगर चालूच असतो. आम्ही खाली पंगतीत बसलो. सरदारानं दोन्ही हात पुढं करा म्हणून खुणावलं आणि हातावर रोटी ठेवली. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही, जेवून उठायची घाई नाही. आणि माझ्या शेजारी कोण बसलेलं? आमच्याच गावचा एक पाटील. घरी त्याच्या वाड्यात माझ्या आज्यानं कधी पायरी ओलांडली नाही. तो मला बघून थोडा सरकला, पण उठला नाही. जेवला. डाळ मागून घेतली. मी बापाकडं बघितलं, बाप ताटात बघत होता. एस्टीनं परत आलो, फाट्यावर उतरलो आणि पाटील पुढं, आम्ही मागं, असे गावात गेलो.

तर पंगत खरी होती. पण ती दरवाज्यापर्यंत होती. याचा दोष मी लंगर वाढणाऱ्यांना देणार नाही. त्यांनी त्यांच्या अंगणात जे करायचं ते केलं, निदान तिथं तरी केलं. पंजाबात मजहबी शिखांची आणि रविदासियांची वेगळी गाऱ्हाणी आहेत, ती त्यांनी मांडलेली आहेत, तो वेगळा विषय. मला सांगायचंय ते इतकंच की जेवण देणाऱ्याची परीक्षा पंगत उठल्यावर सुरू होते.

गाडगेबाबांचं उदाहरण सगळे देतात, ब्लँकेटवाले तर जास्तच. बॅनरवर त्यांचा फोटोही असतो. पण ते काय करायचे ते कुणी सांगत नाही. दिवसा झाडू, रात्री कीर्तन, पाया पडायला आलेल्याला काठी. आणि जमलेल्या पैशातून धर्मशाळा. ब्लँकेट नव्हे, छप्पर. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ज्या चोख्याला देवळात घेतलं नाही, जो मंगळवेढ्याला गावकुसाचं वेठीचं काम करताना भिंत पडून मेला, त्याच्या नावानं. आणि १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, म्हणजे तिथं पोरं राहून शिकतील. मित्रांनो, नीट बघा काय झालं ते. ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्याच संस्थेच्या हातात किल्ली दिली. संत म्हणून बसून राहायला ती जागा चांगली होती की! ते बसले नाहीत. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला हा माणूस गेला, चौदा दिवसांत. मी तरी कुठलाही दानशूर मोजताना हेच माप लावतो. किल्ली कुणाच्या खिशात आहे?

मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं भायखळ्याला आशादान आहे, १९७६ पासून. ज्याला कुणी घेत नाही त्याला त्या घेतात, धुतात, पुसतात. त्यांच्यावर टीका करणारे खूप, गू-मूत काढणारे कमी. तरी एक प्रश्न मनातून जात नाही. फुटपाथवरच्या माणसाला मरायला खाट मिळते, मग तो धडधाकट होता तेव्हा ती खाट कुठं होती? तेव्हा ती द्यायचं काम सिस्टरचं नव्हतं. सरकारचं होतं.

सरकारनं तेव्हा काय दिलं? १९५९ साली मुंबईच्या नावानं भीक प्रतिबंधक कायदा दिला. पोलिसानं वॉरंटशिवाय धरायचं, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कोंडायचं, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. चोराला कमी शिक्षा होते. आणि भिकारी कोण? ज्याला जगायचं साधन दिसत नाही आणि जो रस्त्यावर हिंडतो तोही. गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा, तोही. म्हणजे आमच्या माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात जो वाघ्या मंचावर लोककलावंत म्हणून शाल-नारळ घेतो, तोच व्हीटीच्या बाहेर डफडं वाजवताना गुन्हेगार. हाच कायदा दिल्लीलाही लावलेला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं तिथं त्यातली मुख्य कलमं घटनेत बसत नाहीत म्हणून काढून टाकली. घटना कुणी लिहिली ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

दुसरीकडं सुप्रीम कोर्टानं २०१० साली सगळ्या राज्यांना सांगितलं, मोठ्या शहरांत लाख वस्तीमागं एक निवारा काढा, चोवीस तास उघडा. २०१३ च्या शहरी उपजीविका अभियानात तोच हिशेब आला, लाखाला शंभर माणसांचा एक निवारा. आता गणित करू. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशे निवारे, साडेबारा हजार माणसं. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर झोपलेले मोजले तर मुंबईत ५७ हजारांच्या वर भरले, आणि ते फक्त ज्यांना उठवून विचारलं ते. सगळेच्या सगळे निवारे उभे राहिले तरी पाचांतले चार बाहेरच. आणि तुम्ही राहता त्या वॉर्डात किती निवारे आहेत? जा, मोजा. मासिकाला लिहून कळवा. मी माझ्या पायानं हिंडलो, मला एकाही रात्री जागा मिळाली नाही.

खिचडीची गाडी या हिशेबावर पडदा टाकते. साहेबाला दाखवायला होतं की लोक उपाशी नाहीत, समाज काळजी घेतोय. रात्री ब्लँकेट मिळतं आणि पहाटे दुसरी गाडी येते, तीच ब्लँकेटं, तेच बोचकं उचलून नेते. रात्रीच्या गाडीवाल्यांना मी एकदा विचारलं, साहेब, पहाटे पाच वाजता या ना एकदा. त्या गाडीच्या आडवे उभे राहा आमच्याबरोबर. ते म्हणाले, भाऊ, आम्ही राजकारणात पडत नाही.

धर्मानं रात्री बायांसाठी काय केलं हेही बघायला पाहिजे. कामाठीपुऱ्यात, गोलपिठ्यात दुधाची पाकिटं आणि आरत्या घेऊन जाणारे आहेत, प्रार्थना घेऊन जाणारे आहेत. जाऊ द्या. पण तिथं जी बाई दारात उभी असते तिच्या आधीच्या पिढीतली एखादी खंडोबाला वाहिलेली मुरळी होती, एखादी यल्लमाची जोगतीण होती. नवस कुणी बोलायला लावला? जट आली म्हणून पोरगी देवाला सोडा, असं कुणी सांगितलं? १९३४ साली देवदासींसाठी मुंबई इलाख्यात कायदा झाला, २००५ साली महाराष्ट्राला पुन्हा नवा करावा लागला. सत्तर वर्षांत एक कायदा पुरला नाही, एवढी भक्ती. आमच्याच माळेगावच्या भंडाऱ्यातनं उठून गेलेली एक म्हातारी ग्रँट रोडच्या पुलाखाली मला भेटली होती. नांदेडकडचं बोलणं ऐकून तिनं विचारलं, "कुनीकडला हाईस रे बाळा?" मी लोहा म्हणालो. ती पुढं काही बोलली नाही. हातातला वडापाव अर्धा तोडून मला दिला. त्या रात्री देणारी ती होती.

आता आपण.

५ आणि ६ डिसेंबरच्या रात्री दादरला या. शिवाजी पार्कावर लाखो माणसं झोपलेली असतात. पुडक्यात बांधून आणलेली भाकरी, पांढरं लुगडं, नांदेड-परभणीपासून आलेली. तिथं आपली पोरं रात्रभर राबतात. पुलाव, पाणी, औषधं, हरवलेल्या म्हातारीला तिच्या गाववाल्यांपर्यंत पोचवणं. कुणाला नाव विचारत नाहीत. मीही दरवर्षी असतो, पाण्याच्या टाकीवर. छाती भरून येते. मग ७ तारीख उजाडते, आपण बॅनर गुंडाळतो, आणि त्याच दादरच्या पुलाखाली जी माणसं ८ तारखेलाही झोपलेली असतात ती आपल्याला दिसत नाहीत. त्यातली निम्मी आपली. तीन रात्री आपण लंगरवाल्यांपेक्षा मोठे असतो. बाकी तीनशे बासष्ट रात्री आपलं काय?

ऐका. फोटोनंतर मामानं जागा बदलली, नव्या जागेवर छप्पर नव्हतं. जुलैत त्याला खोकला लागला, छातीतनं शिट्टी वाजायला लागली. माझ्या खोलीत नवव्या माणसाला घरमालक घेईना. मी विचार केला, आपलं विहार आहे की! एका वस्तीतलं विहार, चांगलं बांधलेलं, लाद्या, पंखे, संडास. लोकांनी घराघरातनं वर्गणी काढून उभं केलेलं, मीही एकदा दिलेत पन्नास रुपये. रात्री साडेनऊला मामाला घेऊन गेलो. कुलूप. कमिटीच्या एका साहेबांच्या घरी गेलो, जयभीम घातला, म्हणालो, साहेब, चार रात्री. पाऊस उघडेपर्यंत. सकाळी सहाला आम्ही झाडून, पुसून देऊ.

साहेब म्हणाले, विहार पवित्र जागा आहे, लॉज नाही. आज एकाला घेतलं तर उद्या दहा येतील, दारू पिऊन येतील, घाण करतील.

पवित्र! घाण! हे शब्द मी आधी कुठं ऐकले होते ते तुम्हाला सांगायची गरज नाही. चोख्याला देवळाच्या पायरीवर हेच ऐकवलं होतं. फक्त आता सांगणाऱ्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मी भांडणार होतो. मामानं माझं मनगट धरलं, म्हणाला, "चल लेका. मला तसंबी भायेरच झोप लागतीय."

साहेब, तुम्ही माझ्यापेक्षा शिकलेले आहात, म्हणून एक गोष्ट विचारतो. विहार म्हणजे काय? राहायची जागा. पावसाळ्यात भिक्खूंनी रानोमाळ हिंडू नये, एका ठिकाणी राहावं, वर्षावास करावा, म्हणून विहार. मूर्ती, पंखे, हॉल भाड्यानं देणं हे सगळं नंतरचं. बोरिवलीच्या पुढं कान्हेरीला जा. शंभराच्या वर लेणी आहेत. आत एक खोली, खोलीत झोपायला दगडाचा ओटा, बाहेर पावसाचं पाणी साठवायला टाकं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी या मुंबईच्या डोंगरात बुद्धाच्या माणसांनी घरदार नसलेल्या, हातात भिक्षापात्र घेतलेल्या माणसांना झोपायला दगड कोरून जागा केली. आणि त्या ओट्यांना दारं असतील, कुलपं असतील, पण पावसाळ्यात ती माणसाला आत घेण्यासाठी होती. तुम्ही जुलैत बाहेर ठेवण्यासाठी लावता.

मुंबईत आपली किती विहारं आहेत? वस्ती तिथं विहार. लोह्यात आहे, नांदेडात गल्लोगल्ली आहेत. बहुतेक रात्री बंद. वंदना झाली की कुलूप, लग्नाच्या हॉलचं बुकिंग असलं की उघडं. मी म्हणत नाही सगळीकडं गर्दी भरा. दहा माणसं एका विहारात. सतरंज्या आपल्याकडं आहेत, जयंतीच्या. संडास आहे. दाराशी आपल्या मंडळाची दोन पोरं आळीपाळीनं झोपतील, दारू पिणाऱ्याला ती बघून घेतील, आणि घाण झाली तर मी स्वतः काढेन, मला लाज नाही, माझ्या आज्यानं तेच केलं. फक्त एक नियम असावा: आत येणाऱ्याला त्रिसरण म्हणायला लावायचं नाही, नाव-धर्म विचारायचा नाही, फोटो काढायचा नाही. अहमदला अहमद म्हणूनच झोपू द्यायचं. आणि आठवड्यात एकदा त्याच दहा जणांनी बसून ठरवायचं की वॉर्डात निवारा मागायला कधी जायचं, ठेकेदाराकडं कार्ड कसं मागायचं, पहाटेच्या गाडीपुढं कोण उभं राहणार. तसं झालं तर रात्रीचं हे काम राजकारण होईल. व्हायलाच पाहिजे.

मीही कुलूपवाल्यांतला आहे, हे लपवत नाही. फुटपाथवर मी कविता लिहिली. छापून आली. दोघांनी पत्र पाठवलं, एकानं कार्यक्रमाला बोलावलं, टाळ्या मिळाल्या. मामाला वाचून दाखवली होती. तो म्हणाला, "माझं नाव घातलं नाहीस, बरं केलंस." मग थोड्या वेळानं म्हणाला, "ह्याचे पैसे मिळतेत का?" नाही म्हणालो. "मग ह्याचा फोटू तरी नको काढू कुनाला." त्या ब्लँकेट मंडळानं मामाचा चेहरा वापरला, मी त्याची झोप वापरली. फरक आहे का? असेल थोडा. रात्री झोप येत नाही तेव्हा तो मला सापडत नाही.

मामा सध्या कुर्ल्याकडं आहे असं ऐकतो. फोन लागत नाही. माझ्या मायला तो आजही महिन्याला पैसे पोस्टानं पाठवतो, पोरीला दे म्हणून. म्हणजे जिवंत आहे.

त्या विहाराची किल्ली सेक्रेटरींच्या घरी, दाराच्या आतल्या खिळ्याला असते, मी बघितलीय. येत्या रविवारी रात्री दहाला आम्ही सात जण त्यांच्याकडं जाणार आहोत. चार गोदीतले, दोन कॉलेजचे आणि कोळंबी सोलणारी ती बाई. जयभीम घालून मागणार. नाही दिली तर त्याच विहाराच्या पायरीवर सतरंजी टाकणार आणि वस्तीला सकाळी विचारणार. ज्यांना यायचंय त्यांनी जेवून या, चादर घेऊन या. मोबाईल खिशात ठेवा.